थर्टी-फॉर्टी

बंगळूरला बदलून आल्याला आम्हांस सहा वर्षे झाली. येथे घराच्या जागेला 'साइट' म्हणतात आणि तिचे माप विचारले, तर 'थर्टी-फॉर्टी' एवढेच सांगतात : तीस फूट रुंद, चाळीस फूट लांब. कचेरीतील मंडळी आम्हांस साइट घेण्याचा आग्रह करून थकली. घरबांधणी अग्रिमाचा अर्ज आमच्या खणात कोराच पडून आहे.

याचे कारण साताऱ्याकडील एक एकर जिरायत. तेवढा आमचा हिस्सा. तो विकल्याखेरीज इकडची बेरीज जमत नाही. दादांनी पत्रात लिहिले, "विकायचा झाला तर मलाच दे, बाहेर जाऊ देऊ नकोस." पत्रात राग असता, तर उत्तर लिहिणे सोपे गेले असते.

मागल्या रविवारी घरमालकांबरोबर मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराच्या दर्शनास गेलो. घरमालक येथलेच मराठे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागून देशावरची माणसे आली : शिपाई, पंडित आणि (आमचे व्यवसायबंधू) कारकून. वतन मिळेल, इनाम मिळेल, ही आशा. या देवाला व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये मेदरनिंगनहळ्ळी हा गाव दिल्याचा शिलालेख आहे. परमुलखातील देवास गाव देणारा माणूस मनाने तेथलाच झालेला असावा, असे आम्हांस वाटले. पण व्यंकोजीराजे पुढे तंजावरास गेले, आणि १६८७ मध्ये मोगलांकडून चिक्कदेवराज वडियारांनी बंगळूर ३ लाख रुपयांस घेतले. तेवढ्यात आज थर्टी-फॉर्टीचा कोपराही येत नाही! राजे गेले, लहान माणसे मात्र मागे राहिली. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजू लागले, तेव्हा आयर्लंडातील कुळे अमेरिकेस गेली, त्यांतीलही बहुतेक नांगर न धरता शहरांतच राहिली.

देवळाच्या पायरीवर बसून आम्ही घरमालकांना दादांच्या पत्राविषयी सांगितले. सातबाऱ्यावरचे नाव एकदा गेले की गेलेच, असेही म्हणालो. ते थांबले.

"सातबारा म्हणजे काय हो?"

आम्ही समजावले. "अच्छा, पहाणी!" ते म्हणाले. त्यांच्या घरी कुळधर्म तुळजापूरच्या भवानीचा, बोलणे मराठी. परंतु हा शब्द त्यांच्या कानांवरून कधी गेलाच नव्हता.

त्या रात्री आम्ही दादांना लिहिले : "हिस्सा तुम्हीच घ्या. विहिरीजवळचा एक गुंठा तेवढा आमच्या नावावर राहू द्या." सौ.ने पत्र वाचून विचारले, "एका गुंठ्यात काय पिकणार?" आम्ही कागदावर हिशेब मांडला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट; थर्टी-फॉर्टीपेक्षा १११ फूट कमी. पत्र अजून टाकलेले नाही.