सुईवरचे टाके आणि मस्टरवरची सही

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू झाला, त्याच दिवशी आमच्या महिला मंडळाने ठरवले : ६ डिसेंबरपर्यंत २५ स्वेटर विणायचे. दिवाळीनंतर कल्याणच्या आसपास वीटभट्ट्या लागतात. भट्टीवर राबणाऱ्या आईबापांची लेकरे पहाटे उघड्यावर कुडकुडत असतात. हे स्वेटर त्यांच्यासाठी. लोकर वर्गणीतून आणली. आम्ही हात वर करून सांगून टाकले, "सहा आमच्याकडे!"

तेव्हा आम्ही घरी बसून दोन दुकानांचे हिशेब लिहीत होतो. दुपार मोकळी असे. जुलैत एक स्वेटर पुरा झाला. आणि १ ऑगस्टपासून मुंबईतल्या एका कचेरीत पूर्ण वेळ कारकुनाची नोकरी लागली. मुलाच्या कॉलेजच्या फीची काळजी होती. चाळिशी उलटल्यावर मिळालेली नोकरी नाकारणार कशी? सकाळी साडेसातला घर सोडायचे, रात्री आठला परतायचे.

पाच स्वेटर बाकी होते. मंडळात कोणी विचारले की आम्ही "होतील हो" म्हणायचो. कार्यकर्तीनेच शब्द मागे घ्यायचा म्हणजे लाज! मग भांडी आवरून रात्री एक-एक वाजेपर्यंत विणत बसलो. पंधरा दिवसांत त्याचे फळ मिळाले. कचेरीत हिशेब जुळेना. फरक ९०० रुपयांचा. फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची उलटापालट झाली असावी, हे आम्ही बी.कॉम.ला शिकलो होतो. शोधले तर चूक आमचीच. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले होते. साहेबांनी सर्वांदेखत विचारले, "बाई, लक्ष कुठे आहे?" त्याच रात्री पाहिले, तर स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटे लांब. ती उसवताना डोळ्यांत पाणी आले.

तेव्हा विहारात ऐकलेली सोण भिक्खूची गोष्ट आठवली. चालून चालून त्याचे पाय रक्ताळले, तरी चित्त मुक्त होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? आणि फार सैल सोडली तर? विणणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको. टाका आवळला तर स्वेटर पोराच्या डोक्यातून जात नाही, सैल सोडला तर अंगावर लोंबतो.

मग वही घेऊन बसलो. एका स्वेटरला ३० तास; पाचांना १५०. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळते. तिथे रोज ४० मिनिटे विणले तर सहा दिवसांचे ४ तास. रविवारचे २. आठवड्याचे ६. नोव्हेंबरअखेरपर्यंत १५ आठवडे, म्हणजे ९० तास. तीन होतील, पाच नाही. दोन स्वेटरांची तूट स्पष्ट दिसत होती.

रविवारी वंदनेनंतर वही मंडळापुढे ठेवली. कोणी रागावले नाही. एक आजी म्हणाल्या, "पोरी, तू स्वेटरचा शब्द दिलास, जागरणाचा नव्हे!" उरलेले दोन स्वेटर दोघींनी वाटून घेतले. आता गाडीत आखूड सुयांवर फक्त बाह्या विणतो. लांब सुया शेजारणीला टोचतात. पाठ आणि पुढा घरी. रविवारचा स्वयंपाक आमच्या मिस्टरांनी हाती घेतला. मुलगा लडीचे गुंडे करून देतो.

कचेरीतल्या एकीने विचारले, "एवढी ओढाताण, तर विणणे सोडूनच का देत नाही?" आमचे आजोबा गिरणीत सूतखात्यात होते. कापडखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून म्हणे विटाळ! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आजोबांना जो धागा विणू दिला नाही, तो त्यांची नात आज भर गाडीत विणते. तो कसा सोडावा?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. कामानंतरचे तास कामगाराला असे लढून मिळाले आहेत. त्यांत झोपेचा, घराचा आणि समाजाचा, तिघांचाही वाटा आहे. एकाचा वाटा मारून दुसऱ्याला दिला, की हिशेब कुठेतरी चुकतोच.

म्हणून नव्या नोकरीवर जाणाऱ्या भगिनींना एवढेच सांगणे : आधी तास मोजा, मग शब्द द्या. दिलेला शब्द जड झाला, तर वेळेवर सांगा. ज्यांच्यासाठी आपण राबतो तीच माणसे ओझे वाटून घ्यायला पुढे येतात.

आजमितीला आमचे तीन स्वेटर पुरे झाले आहेत. चौथ्याची पाठ सुईवर आहे. रात्री साडेदहाला दिवा मालवतो. जयभीम!