आम्ही आणि आपण

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट आम्ही गेली अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवीत आलो आहोत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. उदाहरणादाखल फळ्यावर दोन वाक्ये लिहितो : 'आम्ही कोकणात जाणार आहोत' आणि 'आपण कोकणात जाणार आहोत'. पहिल्या वाक्याला मुलांचे चेहरे निर्विकार असतात. दुसऱ्याला मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी विचारते, 'कधी?' वर्ग हसतो, मुद्दा कळतो, तास पुढे सरकतो. या दोन सर्वनामांमधले अंतर ओलांडायला काय मोजावे लागते, हे मात्र आम्हांला वर्गात कळले नाही. ते आंजर्ल्याच्या एका घरात कळले.

आम्ही दोघे नवरा-बायको घाटावरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्याच महाविद्यालयात गणित शिकवणारे आमचे एक स्नेही मूळचे आंजर्ल्याचे. 2008च्या मे महिन्यात त्यांनी आम्हांला पहिल्यांदा गावच्या घरी नेले, आणि त्यानंतर 2019पर्यंत एकही मे चुकला नाही. आधी आम्ही चौघे, मग त्यांचा मुलगा आणि आमची मुलगी धरून सहा. आंजर्ले दापोली तालुक्यात, जोग नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी. खाडीच्या दक्षिणेला हर्णै, पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि गावावर नजर ठेवून असल्यासारखा टेकडीवर कड्यावरचा गणपती.

समुद्रकाठचे घर म्हटले की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्राकडे उघडणारी खिडकी येते. हे घर समुद्राकडे पाठ करून उभे होते. तोंड रस्त्याकडे, पुढे अंगण, ओटी, मग माजघर, मागच्या दारी नारळी-पोफळींचे आगर, आगर संपले की सुरूचे बन आणि त्याच्या पलीकडे वाळू. बांधणाऱ्याने समुद्र पाहण्यासाठी घर बांधलेच नव्हते. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे खारे वारे, आणि त्यांच्यापासून आडोसा हवा. ही समज आम्हांला पहिल्या वर्षी गमतीची वाटली होती.

घरात स्नेह्यांच्या काकू एकट्या राहत. दारात पाऊल पडले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : 'परतीची गाडी कधीची?' पहिल्यांदा आम्ही चपापलो. वहिनी म्हणाल्या, 'मनावर घेऊ नका. त्यांना तांदळाचा अंदाज हवा असतो.' मग बारा वर्षे त्या प्रश्नावर आम्ही हसत आलो.

दिवस कसे जात ते काय सांगावे! सकाळी मऊ भात आणि मेतकूट, दुपारी ओटीवर झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकत लागलेली झोप, चारच्या पुढे हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला जाणे, अंधार पडता पडता वाळूतून परत. आम्हां मराठीवाल्यांना तर हा तालुका म्हणजे अभ्यासक्रमच. श्री. ना. पेंडसे जवळच्या मुर्डीचे. साने गुरुजींचे पालगड याच तालुक्यातले. 'गारंबीचा बापू' ही 1952ची कादंबरी आम्ही वर्गात शिकवायचो आणि मे महिन्यात तिच्या मुलखात हिंडायचो. परतल्यावर वर्गात सांगायचो, 'आमच्या आंजर्ल्याच्या घरी पोफळीवर चढणारा माणूस एका झाडावरून दुसऱ्यावर कसा जातो, ते पाहिले पाहिजे.' आमच्या घरी! कोणी टोकले नाही. स्नेहीही तसेच बोलत : 'या मेमध्ये आपल्या घरी फणस भरपूर आहे.' त्यांच्या तोंडचे 'आपल्या' आम्ही ऐकले, आवडले, आणि उचलून 'आमच्या' करून टाकले.

येथे आणखी दोन शब्दांविषयी लिहिले पाहिजे. आम्हां प्राध्यापकांना मे महिन्यात सुट्टी असे. वहिनी बँकेत, त्यांना सुट्टी नव्हती, रजा होती. सुट्टी मिळते, रजा मागावी लागते. वर्षभरात साठवलेल्या रजेतले आठ-दहा दिवस त्या आंजर्ल्यासाठी काढत आणि त्यांतला बहुतेक वेळ चुलीपाशी आणि मागल्या दारी घालवत. कारण कोकणातला मे महिना हा विश्रांतीचा नव्हेच. पाऊस दारात उभा असतो. रातांबे फोडून आमसुले वाळवायची, आंबापोळी उन्हात घालायची आणि संध्याकाळी आत घ्यायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा, पडवीच्या पश्चिमेला झाप बांधायचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कौले चाळायची : फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, वाळवी लागलेली रीप बदलायची. स्नेही गड्याबरोबर दोन-तीन दिवस छपरावर असत. आम्ही खालून म्हणायचो, 'जपून हो!' आणि पुस्तकात डोके घालायचो. क्वचित कौले हातोहात वर द्यायला उभे राहत असू. त्याचे फोटो आमच्यापाशी आहेत. वर्षातून तास-दीड तास केलेल्या कामाचेच फोटो काढले जातात, हे आता लक्षात येते.

2014च्या पावसाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून घराला अकरा महिने कुलूप. बंद घराचे छप्पर लवकर खचते, हे कोकणात कोणीही सांगेल : आत चूल पेटत नाही, धूर आढ्याला लागत नाही, वाळवीला रान मोकळे मिळते, आणि एक कौल सरकले तर ते दिसायला माणूस नसतो. उताऱ्यावर एकूण 23 नावे. काही मुंबईत, काही परदेशात, काही हयात नसलेली. दुरुस्तीला सर्वांची संमती आणि कोणाचाच पैसा नाही. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' म्हणून एक रकाना असतो. बोलताना लोक त्याला 'इतर हक्क' म्हणतात. स्नेही थट्टेने म्हणत, 'तुम्हां दोघांचं नाव इतर हक्कात घालून टाकू या.' आम्हांला ही थट्टा फार आवडे.

2018च्या मे महिन्यात, निघण्याच्या आदल्या रात्री, मुले झोपल्यावर ते ओटीवर म्हणाले, 'छप्पर आता चाळून भागणार नाही. वासे गेलेत. सगळं उतरवून नवं करायला साडेतीन लाख लागतील. भाऊबंद काही देणार नाहीत, ते मी धरून चाललोय. अर्धे मी घालतो. अर्धे तुम्ही दोघं घालाल का? नावावर काही होणार नाही, ते आधीच सांगतो. पण मग घर आपलं. मीही एकटा निभावू शकत नाही, आणि सोडूनही देववत नाही.' वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या अंधारात आगराकडे पाहत होत्या.

आम्ही सकाळी सांगतो म्हणालो. माजघरात रात्रभर कुजबुजत होतो. फ्लॅटचे हप्ते होते, मुलीचे शिक्षण होते. तरी पावणेदोन लाख आम्हांला अशक्य नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. 'जिथे नाव नाही तिथे पैसे कशाला?' हे वाक्य कोणी उच्चारले ते आम्ही येथे लिहिणार नाही; ते आम्हां दोघांचेच होते. पहाटेपर्यंत नकार ठरला आणि मग खरे काम सुरू झाले : तो सांगायचा कसा. आम्ही भाषेची माणसे. चहाच्या वेळी आम्ही म्हणालो, 'घर तुमचंच राहू दे. आमचं प्रेम आहे, ते तसंच निर्मळ राहू दे. त्यात व्यवहार नको.'

वाक्य चांगले होते. लय होती, नात्याची चाड होती. स्नेही क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'बरोबर आहे तुमचं.' आजवर आम्ही पुष्कळ विद्यार्थ्यांचे निबंध तपासले. इतके सुबक आणि इतके खोटे वाक्य फारसे वाचलेले नाही. कारण व्यवहार तेथे दहा वर्षे चालूच होता. एका बाजूने तांदूळ, सरपण, रजा आणि छपरावरचे ऊन जात होते. दुसऱ्या बाजूने प्रेम. आम्ही फक्त आमच्या बाजूचे चलन बदलायला नकार दिला.

2019मध्येही गेलो. सगळे नीट होते. जरा जास्तच नीट. वहिनींनी आधीच फोन करून किती दिवस राहणार ते विचारले. आम्ही पहिल्यांदाच किराण्याचे पैसे पाकिटात घालून नेले आणि त्यांनी ते घेतले. छपराच्या पश्चिम बाजूला निळे ताडपत्रीचे ठिगळ होते. त्याविषयी कोणी बोलले नाही.

3 जून 2020 रोजी दुपारी चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले. मंडणगड आणि दापोली तालुकेही त्याच्या माऱ्यात सापडले. पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस आली नाही. वादळाचे नाव 'निसर्ग'. ते बांगलादेशाने सुचवलेले होते. 'प्रादेशिक कादंबरीतील निसर्ग' हा आमचा पेपरातला आवडता प्रश्न. त्या वर्षानंतर तो आम्ही कधी काढला नाही. गावातून निरोप यायलाच काही दिवस गेले. मग स्नेह्यांचा फोन आला. 'छप्पर गेलं. माजघराच्या आढ्यावर माड पडलाय.'

आम्ही म्हणालो, 'अरेरे, तुमचं घर!'

पलीकडे शांतता होती. आमच्याही लक्षात आले. बारा वर्षांत त्या घराला आम्ही 'तुमचं' एकदाच म्हणालो होतो, आणि ही दुसरी वेळ.

टाळेबंदीचे दिवस, जिल्हा ओलांडायला परवाना लागे. तो मिळून ते पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला होता. मातीत रचलेली जांभ्याची भिंत छपराखाली शंभर वर्षे उभी राहते, उघड्यावर एक पावसाळा तिला पुरतो. त्या वादळात नवी छपरेही उडाली, हे आम्हांला माहीत आहे. आमचे पैसे असते तर घर वाचले असते, असा दावा आम्ही करीत नाही. तो दावा करणेही स्वतःला मोठे करणेच होईल. पण पैसे घातले असते तर त्या फोनवर निदान सर्वनाम चुकले नसते.

2021च्या जानेवारीत आम्ही न बोलावता गेलो. जोते उभे होते, विहीर होती, न्हाणीघराची भिंत होती. सहा जणांनी मिळून ढिगारा उपसला. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक सापडली; तीत काकूंच्या हिशेबाच्या वह्या. पाने एकमेकांना चिकटली होती, ती सोडवून जोत्यावर उन्हात पसरली. वाचावे की नाही, अशा संकोचात वाचलीच. प्रत्येक मे महिन्याला एक नोंद होती : 'पाहुणे, घाटावरचे', आणि पुढे तांदूळ, गूळ, नारळ, किती दिवस. त्या अक्षरात राग नव्हता, कौतुकही नव्हते. जे होते ते लिहिले होते. परतीच्या गाडीचा दिवसही होता.

आमचे चेहरे पाहून स्नेही जवळ आले. त्यांनी वही घेतली, एक पान मागे उलटले आणि बोट ठेवले. वरची ओळ होती : 'पाहुणे, पुतण्या व सून', आणि दिवस आठ. 'आम्हीही पाहुण्यांतच आहोत,' ते म्हणाले. 'तिचं बरोबरच होतं. घरात राहणारी ती एकटीच.'

तेव्हा आम्हांला 2018च्या त्या रात्रीचा अर्थ लागला. मालक पाहुण्यांकडे पैसे मागत होता, असे आम्ही धरून चाललो होतो. खरे म्हणजे एक पाहुणा दुसऱ्या पाहुण्यांना म्हणत होता की, आता यजमान उरलेला नाही, तर आपण होऊ या का? त्या प्रश्नातले 'आपण' हे सर्वनाम आम्ही ज्या वर्गात शिकवतो, त्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलालाही कळले असते. त्याने निदान 'कधी?' एवढे विचारले असते.

जागेचा प्रश्न अजून 23 नावांत अडकला आहे. मधल्या काळात वह्या वहिनींनी बांधून घेतल्या. गेल्या मेमध्ये जोत्याच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली उभी राहिली. या वेळी आम्ही न मागता विचारले, 'किती?' स्नेह्यांनी आकडा सांगितला, आम्ही निम्मा दिला, आणि त्यांनी तो वहिनींकडच्या एका नव्या वहीत लिहून घेतला. तारीख, रक्कम, पत्रे किती. पुढे आमची नावे लिहिली आहेत. त्यांच्यामागे 'पाहुणे' असे लिहिले आहे की नाही, ते आम्ही पाहिलेले नाही.