कण्हणं

"बाई, गप झालं बगा लेकरू. मगाधरनं कण्हत हुतं."

रात्रीचे अडीच वाजले होते. आजींचा चेहरा उजळलेला, आणि माझ्या पोटात गोळा.

आमचं जिल्हा रुग्णालय. नवजात विभागात मी परिचारिका. आई प्रसूती वॉर्डात सलाईनवर, म्हणून हात धुऊन, गाऊन घालून आजी बाळाजवळ बसल्या होत्या. तीस आठवड्यांचं, अकराशे ऐंशी ग्रॅमचं मूल. कळा थांबेनात म्हणून आईला फुप्फुसं पिकवणारं डेक्सामेथासोन सुरू केलं होतं. बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं द्यायची असतात, एकच देऊन झालं आणि बाळ आलं.

असं बाळ कण्हतं ते दुखतं म्हणून नव्हे. फुप्फुसातले हवेचे फुगे आतून चिकटू नयेत म्हणून एक पातळ लेप लागतो, तो पुरेसा तयार होतो चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या सुमारास. लेप नसला की श्वास सोडताच फुगे मिटतात. कोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात ना, तसा प्रत्येक श्वास. मग बाळ श्वास सोडताना घसा अर्धवट आवळून थोडी हवा आत धरून ठेवतं. तेच ते कण्हणं. दमलं की तेही थांबतं. नातेवाइकांना वाटतं, आराम पडला.

मी पलीकडच्या बाळाला नळीने दूध घालत होते. धावले. आमच्या बाळाच्या नाकातल्या नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे नव्हते. नळी सरकली होती, बरगड्यांखाली छाती खोल ओढली जात होती, रक्तातला ऑक्सिजन ब्याऐंशी. नळी बसवली, टोपीच्या दोऱ्या आवळल्या, हनुवटी हलकेच वर धरली. बाटली पुन्हा गुडगुडू लागली. नळीचं टोक पाण्यात पाच सेंटीमीटर बुडलेलं असतं, तेवढाच दाब बाळाच्या छातीत राहतो. म्हणजे बाळ घशाने करत होतं ते काम बाटली करते. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं मूल याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेलं. असा दाब देण्याची पद्धत पुढे १९७१ मध्ये आली.

तरी भागेना. नळीतून दिला जाणारा ऑक्सिजन चाळीस टक्क्यांवर न्यावा लागला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धुरकट काचेसारखी. डॉक्टरांनी फ्रीजमधली सर्फॅक्टंटची, म्हणजे त्याच लेपाची, कुपी मागवली. ती हलवायची नाही. मी मुठीत धरून कोमट करत उभी राहिले. दुधासारखं पांढरं औषध, जनावराच्या फुप्फुसातून काढलेलं. बारीक नळीने ते श्वासनलिकेत गेलं आणि पहाटेपर्यंत नळीतला ऑक्सिजन पंचवीस टक्क्यांवर आला.

"सातमाशी हाय, जगतंय. आठमाशी आसतं तर..." आजी म्हणाल्या. हा हिशेब मी माहेरीही ऐकलाय. तो साफ उलटा आहे. पोटातला एकेक आठवडा या फुप्फुसांना मोलाचा. पण त्या पहाटे मी तो खोडायला गेले नाही.

मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन शंभर दिसला की मात्र त्या खूश व्हायच्या, आणि मी नळीतला कमी करायचे. भांडणच झालं एकदा. नळीवरच्या बाळाला नव्वद ते पंच्याण्णव पुरे, जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे पटायला त्यांना दोन दिवस लागले.

नवव्या दिवशी बाटली काढली. खोली एकदम शांत. आजी दचकून उठल्या. "बाई, बुडबुडं थांबलं!"

"मुद्दाम थांबवलेत. आता तुम्हीच मोजा." मी घड्याळ धरलं. एका मिनिटात साठच्या आत हवेत, हे त्यांना सांगून ठेवलं होतं. पोट वर-खाली होताना त्या बोटांची पेरं मोजत राहिल्या. ओठ हलत होते.

"थांबा," मी म्हटलं.

"दोन विसा आन् बारा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्या पेरापासून मोजायला लागल्या.