दगडाला भोक पाडण्यापूर्वी...

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या वडारणींची हाळी आता विरळ झाली आणि हौशी माणसाच्या हाती टाकीऐवजी पेनासारखे धरायचे, गरगर फिरणारे विजेचे हत्यार आले.

बंगळुरू तर दगडावरच वसलेले शहर. लालबागेतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक असल्याने त्याचा तुकडा घ्यायचा नसतो. पण नाशिक-पुण्याकडून आणलेले झिओलाइटचे स्फटिक, नदीकाठचे गोटे अनेक मराठी घरांच्या शोकेसमध्ये असतात. त्यातल्याच एका गोट्याला भोक पाडून नातीसाठी लॉकेट करावे, असे निवृत्त आजोबांच्या मनात येते आणि पावले एस. पी. रोडकडे वळतात.

दुकानदार जास्त वॉटचे यंत्र आणि शंभर सुट्या भागांची पेटी पुढे करतो. खरे पाहायचे ते वेगळेच. मोह्‌स यांच्या कठिणतेच्या मापात गारेचा क्रमांक ७. तिच्यापुढे साधे पोलादी ड्रिल लगेच बोथट होते. हिऱ्याची कणी बसवलेलेच हवे. झिओलाइट मऊ, साधारण ३॥ ते ५. पण ते पटकन दुभंगते. ठोके देणारे भिंतीचे ड्रिल लहान दगडाचे तुकडेच करील. यंत्राचा वेग कमी-जास्त करता यायला हवा. मिनिटाला तीस हजार फेऱ्यांचा तोरा भोक पाडताना उपयोगाचा नाही. उष्णतेने हिऱ्याची कणी झडते. सोनारांसारखी मोटर वर टांगून लवचिक शाफ्ट घेतला, तर हात थकत नाही आणि मोटर पाण्यापासून दूर राहते.

पाणी मात्र हवेच. दगड पसरट भांड्यात लाकडाच्या फळीवर ठेवावा, तो बुडेल इतकेच पाणी घालावे आणि ड्रिल वरचेवर उचलत, न दाबता काम करावे. शेवटी हात आणखी हलका ठेवावा, नाहीतर खालच्या बाजूची कपची उडते. प्लगच्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा.

पाण्याचा आग्रह केवळ ड्रिलसाठी नाही. बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. पण तिथे खडक फोडणाऱ्या कित्येक कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ कायमची बसली. सिलिकोसिस एकदा जडला की फुप्फुस पूर्ववत होत नाही. ही धूळ डोळ्यांना दिसतही नाही. घरातल्या अर्ध्या तासाच्या कामाची तुलना खाणीशी होणार नाही, पण बंद गॅलरीत कोरडा दगड घासणे शहाणपणाचे नव्हे. नाकाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. डोळ्यांना गॉगल, पदर-ओढणी खोचलेली, मुले दुसऱ्या खोलीत. नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

म्हणून शंभर सुट्या भागांची पेटी दुकानातच राहू द्यावी. त्या पैशांत दोन चांगली हिऱ्याची ड्रिल, मास्क आणि गॉगल येतात. नातीच्या गळ्यात लॉकेट पडायला दोन दिवस उशीर झाला, तरी ती काही रुसणार नाही.