थेंबांचा क्रम

अल्कोहोलमधून पाणी काढून घेतलं की अल्कीन मिळतं. पुस्तकात हे एका ओळीत आटोपतं. प्रयोगशाळेत त्याला अख्खी दुपार लागते, आणि वर्षानुवर्षं शिकवूनही ती दुपार मला हवीहवीशी वाटते.

सायक्लोहेक्झॅनॉल १६१ अंशांना उकळतं, सायक्लोहेक्झीन ८३ अंशांना. सगळी मदार या अंतरावर. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल घालून मंद आच दिली, की तयार झालेलं अल्कीन पाण्याच्या वाफेसोबत निघून जातं आणि अभिक्रिया पुढे सरकत राहते. सल्फ्युरिक आम्लानेही काम होतं, पण फ्लास्कमध्ये काळी राळ जमते. रिसीव्हरमध्ये दोन थर दिसतात: खाली पाणी, वर अल्कीन. वरचा थर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुवून निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर ठेवला, की त्याचा गढूळपणा बघता बघता जातो.

ब्रोमीन-पाण्याचा नारंगी रंग उडाला, म्हणजे दुहेरी बंध आहे एवढं कळतं. तो नेमका कुठे आहे, हे ही चाचणी सांगत नाही. खरी कसोटी पुढेच लागते.

२-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल घ्या. झैत्सेव्हने १८७५ साली मांडलेल्या नियमानुसार १-मिथाइलसायक्लोहेक्झीन जास्त आणि ३-मिथाइलसायक्लोहेक्झीन कमी मिळायला हवं. गॅस क्रोमॅटोग्राफवर तसंच दिसतं: आधी ३-मिथाइलचं छोटं शिखर, मागून १-मिथाइलचं मोठं. पण डेव्हिड टॉड यांनी १९९४ साली दाखवलं, की सुरुवातीला जमलेल्या आणि नंतर जमलेल्या द्रवात हे प्रमाण सारखं नसतं. नंतरच्या भागात ३-मिथाइलचा वाटा वाढतो. याला ‘एव्हलिन इफेक्ट’ म्हणतात. मूळ अल्कोहोल सिस आणि ट्रान्स रूपांचं मिश्रण असेल, तर सिस लवकर संपतं आणि मुख्यतः १-मिथाइल देतं. ट्रान्स रेंगाळतं आणि त्यातून ३-मिथाइल अधिक येतं.

सगळा द्रव एकाच बाटलीत ओतला असता, तर यंत्राने फक्त सरासरी दाखवली असती. ती चुकीची नसते, पण रेणू कोणत्या वाटेने गेले हे ती झाकून टाकते.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना माझं एकच सांगणं असतं: फ्रॅक्शन वेगवेगळी गोळा करा, प्रत्येकावर वेळ आणि तापमान लिहा, आणि विश्लेषण होईपर्यंत काहीही एकत्र करू नका. उत्पादन किती मिळालं याइतकंच ते कोणत्या क्रमाने मिळालं, हेही महत्त्वाचं असतं.