उजवा वरचा कोपरा

अमरावतीच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून उमेदीची वर्षं घालवली, तेव्हापासून माझी नजर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असते. रीळ संपायला आठेक सेकंद उरले की तिथं गोल ठिपका चमकायचा, फक्त चार चौकटी. सेकंदाला 24 चौकटी पळतात, म्हणजे पापणी लवली की गेला. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्याला पडदा तिच्या हवाली करायचा. जरा उशीर झाला की खालून शिट्ट्या. हिरोईन रडो की नाचो, मी कोपऱ्यात. आता रिळं गेली, ठिपके गेले; पण मोबाइलवरही डोळा आधी तिथंच जातो.

ही सवय घेऊनच एकदा रिद्धपूरला खंजिरी भजनाला गेलो. तुकडोजी महाराजांचं मोझरी इथून लांब नाही, त्यामुळे खंजिरी इकडच्या हाडात भिनलेली. मंचाशेजारी मोठा एलईडी पडदा. गायकाची थाप पडे, आवाज येई, आणि पडद्यावरचा हात त्यानंतर पडे. तेवढ्या फटीत मी अडकलो. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "कुठी पाह्यता जी भाऊ? त्याचा मुंढा पाहा, कसा तंग शिवला! हात वर जाऊन नाई राह्यला." मग मला दिसलं, की थाप टिपेला येताना तो खांदा आखडत होता. काकांना पडद्यावरचा उशीर दाखवला, तर ते हरखून पुढं सरकले. भजन आम्हा दोघांना त्या रात्री जास्त मिळालं, असं मी मनापासून मानतो.

याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र, चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, सिद्ध केलं. साल 1278 सांगतात. स्वामींना ज्यांनी पाहिलं, त्यांना शोधत, विचारत ते हिंडले. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून आठवणी पडताळून घेतल्या, आणि जिथं सांगणाऱ्यांचं जुळलं नाही तिथं वेगळेपणही राहू दिलं. मला त्यांची ही शिस्त फार मोठी वाटते.

आता इथं मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. तिथल्या पोरांनी वह्या घेऊन अमरावती-अकोल्यातल्या जुन्या ऑपरेटरांकडे जावं. मशीनमधल्या कार्बनच्या उजेडात सिनेमा कसा दिसायचा ते विचारावं. दोन म्हातारे एकाच सिनेमाबद्दल वेगवेगळं सांगतील. दोघांचंही उतरवून घ्यावं. त्या ऑपरेटरांतले बरेचजण सत्तरीपुढचे आहेत.