उचल दिली, माणूस घेतला

देवळा

चि. सौ. ताईस,


पंचायत समितीतल्या प्रशिक्षणाबद्दल तू फोनवर सांगितलंस. मानवी तस्करीचा विषय निघाला आणि निम्म्या सरपंच मंडळींनी तो मुंबईकडे ढकलला : हे कामाठीपुऱ्याचं प्रकरण, आपल्या कांद्याच्या गावात त्याचं काय काम? फोनवर नीट बोलता येईना, म्हणून हे पत्र. तहसीलमधल्या नोकरीत जे कागद डोळ्यांखालून गेले, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आधी आपल्याच जिल्ह्याचं सांगतो. इगतपुरी तालुक्यात उभाडे नावाचं गाव आहे, तिथे कातकऱ्यांची वस्ती. ऑगस्ट 2022 च्या अखेरीस तिथल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीला रात्रीच्या वेळी झोपडीशी आणून टाकलं. तिला शुद्ध नव्हती, अंगावर जखमा होत्या. सप्टेंबरात नाशिकच्या रुग्णालयात ती दगावली. मेंढ्या वळायला म्हणून तिला शेजारच्या नगर जिल्ह्यात नेलं होतं. श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते चौकशीला लागले, तेव्हा कळलं की ती एकटी नव्हती. संगमनेर, पारनेरकडच्या वाड्यांवर अशी आणखी बरीच मुलं मेंढ्यांमागे होती. आईबापांच्या हातावर पाचशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत टेकवलेले, सोबत कुठे एखादी मेंढी. घोटी पोलिसांत गुन्हे दाखल झाले, मुलं परत आणली गेली. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. ज्याच्याकडे ना जमीन ना रेशनकार्ड, त्याच्याकडे गहाण टाकायला पोटचं पोरच उरतं.

योगायोग असा, की त्याच सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अहवाल आला. जगात सुमारे 5 कोटी माणसं आजही गुलामीत आहेत, असा त्यांचा अंदाज. त्यात 2 कोटी 76 लाख सक्तीच्या मजुरीत आणि 2 कोटी 20 लाख सक्तीच्या लग्नात. मजुरीवाल्यांपैकी 63 लाख लैंगिक शोषणाच्या बाजारात. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ती प्रथा मोडली असं आपण समजून चाललो आणि इकडे तिचा नवा अवतार साध्या रोख व्यवहारासारखा दारात येऊन बसला.

आता कामाठीपुऱ्याकडे ये. तिथला हिशोब उभाड्याहून फार वेगळा नाही. मुलीला नोकरीच्या नाहीतर लग्नाच्या थापेने आणायचं, दलालाने पैसे मोजून घ्यायचे आणि कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीने तीच रक्कम मुलीच्या नावावर कर्ज म्हणून मांडायची. मग खोलीचं भाडं, जेवण, कपडे, डॉक्टर, सगळं त्यात चढत जातं. कर्ज तिचं, वही दुसऱ्याची. फेब्रुवारी 1996 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईत मोठे छापे पडले, चारशेहून जास्त मुली सोडवल्या गेल्या. त्यात नेपाळच्या पुष्कळ होत्या. सुटका झाली खरी, पण त्यांना परत घ्यायला त्यांचं सरकार लगेच राजी होईना. महिनोन्‌महिने त्या सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढे होऊन बऱ्याचजणींना नेलं. सोडवून ठेवायचं कुठे, हा प्रश्न छाप्याआधीच सुटायला हवा, हा त्यातला धडा. प्रीती पाटकरांच्या ‘प्रेरणा’ने 1986 पासून दुसऱ्या टोकाने काम धरलं. आई धंद्यावर असते त्या रात्रीच्या वेळी तिच्या लेकरांना सुरक्षित जागा, जेवण आणि शाळा द्यायची, म्हणजे पुढची पिढी त्याच खोलीत ओढली जात नाही.

एक खबरदारी मात्र घे. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करत असेल, तर तिला पोलिसांनी छळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बजावलं आहे. म्हणजे बोट बाईकडे करायचं नाही. तिला आणलं कुणी, पैसे कुणी घेतले आणि निघायचं म्हटलं तर निघता येतं का, हे बघायचं.

हीच कसोटी आपल्या शिवारात लाव. आखाजीला सालदाराचं साल ठरतं, उन्हाळी कांदा काढायला सुरगाणा-पेठकडून टोळ्या येतात, मुकादम उचल वाटतो. उचल देणं-घेणं हा गुन्हा नाही. पण ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ असं ठरलं, किंवा उचलीच्या नावाखाली किमान वेतनापेक्षा कमी दिलं, की 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो. मजुराने वेठबिगारीचं कर्ज असल्याचं सांगितलं, तर ते तसं नाही हे सावकाराला सिद्ध करावं लागतं. 1982 च्या आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात न्या. भगवतींनी याहून पुढची गोष्ट सांगितली : पोटाच्या गरजेपोटी किमान वेतनाखाली राबावं लागणं हीसुद्धा घटनेच्या 23 व्या कलमातली सक्तीची मजुरी. प्रांताधिकाऱ्यांनी मुक्तीचा दाखला दिला की पुनर्वसनाची मदत मिळते. स्त्रिया आणि मुलांसाठी 2 लाख, लैंगिक शोषण किंवा तस्करी असेल तर 3 लाख. पण मोठी रक्कम आरोपीच्या शिक्षेशी बांधलेली आहे आणि हातात लगेच पडते ती जेमतेम 30 हजारांपर्यंत. खटला रेंगाळला की माणूस पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभा, हे मी पाहिलंय.

सगळ्यात नाजूक गोष्ट लग्नाची. आपल्या कसमादे पट्ट्यात पस्तिशी गाठलेली, शेती करणारी किती पोरं बिनलग्नाची आहेत, हे तुला सांगायला नको. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894 राहिल्या. ती तूट आता मांडवात दिसतेय. मग एजंट येतो. मोबाइलवर फोटो दाखवतो, दीड-दोन लाखांचा आकडा सांगतो, ‘मुलीकडच्यांचा खर्च’ म्हणतो आणि चार दिवसांत देवळात हार घालून मोकळा होतो. कधी नवरी दागिने घेऊन पळते आणि पोराकडचे ठाण्यात धावतात. त्याची बातमी होते. न पळालेलीची होत नाही. नकार द्यायची सोय नसलेल्या बाईला पैसे घेऊन लग्नात देणं, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1956 च्या करारानेच गुलामीसारख्या प्रथांमध्ये घातलं आहे. आणि भारतीय न्याय संहितेच्या 143 व्या कलमात स्पष्ट आहे, की तस्करीच्या गुन्ह्यात पीडितेची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही. फसवून, धाकाने किंवा पैशाच्या आमिषाने आणली असेल, तर ‘ती हसत आली होती’ हा बचाव चालत नाही.

तेव्हा तुझ्या हातातलं सांगतो. ग्राम बाल संरक्षण समितीची अध्यक्ष सरपंच म्हणून तू आहेस. बहुतेक ठिकाणी ती फक्त कागदावर असते. तिची बैठक कांदा काढणीच्या आत घे. टोळ्या उतरल्या की अंगणवाडी सेविकेकडून मुलांची नावं, मूळ गाव आणि कुणासोबत आली ते वहीत उतरवून घे. आईबापाविना आलेलं पोर दिसलं तर 1098 ला फोन कर, गावातली ओळखपाळख आड येऊ देऊ नकोस. लग्ननोंदणीला परमुलखातली नवरी आली, तर ग्रामसेवकाला वयाचा मूळ पुरावा बघायला लाव. बालविवाह रोखण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. आणि नवरीशी तू स्वतः बोल, एजंट आणि सासू बाहेर असताना, तिची भाषा येणारी बाई सोबत घेऊन. घरच्यांशी फोनवर बोलता येतं का, तिची कागदपत्रं कुणाकडे आहेत, हे दोन प्रश्न पुरतात.

चार लोक नाराज होतील. पहिला फोन बहुधा आपल्याच भाऊबंदांपैकी कुणाचा येईल, कारण त्यांच्याही घरी एजंटाचं बोलणं चालू आहे. त्यांना माझ्याकडे पाठव. कायद्याची प्रत घरात आहे आणि मला वेळच वेळ आहे.

तुझा,
मामा